“माकडंही पितात, मग मी प्यायलो तर काय बिघडलं?” म्हणणाऱ्या भावाला काय उत्तर द्यायचं?

या वेळचं पत्र एका मोठ्या बहिणीचं आहे. पत्र लांब होतं, गरजेपुरतं इथे देतेय.

“ताई, माझा भाऊ २९ वर्षांचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कॉलेजपासून सिगारेट ओढतो, दारू कधीतरी घ्यायचा. दीड वर्षापूर्वी नोकरी गेली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी पिणं सुरू झालं, आता दुसरी नोकरी लागलीये तरी थांबलं नाहीये. आमचे बाबाही प्यायचे, त्यातच गेले. मी काही बोलले की हा मला व्हिडिओ पाठवतो, माकडं दारू पितात, हत्ती पितात, माणसाचा मेंदूच उत्क्रांतीने नशेसाठी बनलाय, हजारो वर्षं सगळं जग पितंय, तू काय निसर्गाशी भांडणार का? मला उत्तरच सुचत नाही. पण मागच्या महिन्यात एका रात्री स्वतःहून म्हणाला, ताई आता मजापण येत नाही गं, तरी हात जातो. त्याचं म्हणणं खरं आहे का? हे रक्तातच असेल तर मी रोज भांडून घरातली शांती कशाला घालवू?”

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एकाच वाक्यावर अडकले, “मजापण येत नाही गं, तरी हात जातो”. व्हिडिओंचं काय ते बघूच, पण तुमचा भाऊ जे काही बोललाय त्यातलं सगळ्यात खरं हेच आहे, आणि गंमत म्हणजे उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी नशेबद्दल जे सगळ्यात महत्त्वाचं शोधलंय तेही बरोबर याच वाक्यात आहे. तिथे येतेच.

आधी त्याच्या वकिलीबद्दल. तो अर्धा बरोबर आहे, आणि तुम्ही त्याला “काहीतरीच बोलू नकोस” म्हणून उडवून लावलंत तर तो ते बरोबर असलेलं अर्धं धरून बसेल, म्हणून आधी ते मान्य करून टाका. २००० साली रॉबर्ट डडली नावाच्या कॅलिफोर्नियातल्या जीवशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली, की आपले पूर्वज फळं खाऊन जगायचे, पिकलेल्या फळात यीस्टमुळे थोडं अल्कोहोल तयार होतंच, त्याचा वास लांबवर पसरतो, तर ज्याला तो वास आवडायचा त्याला फळ लवकर सापडायचं. पुढे २०१४ मध्ये जुन्या एन्झाइम्सचा, म्हणजे शरीरात पदार्थ पचवणाऱ्या रसायनांचा, अभ्यास झाला आणि त्यातून दिसलं की साधारण १ कोटी वर्षांपूर्वी आपल्या आणि चिंपांझी-गोरिलांच्या सामायिक पूर्वजात एक बदल झाला, त्यामुळे अल्कोहोल पचवायची ताकद सुमारे ४० पट वाढली. म्हणजे अल्कोहोल आणि आपलं शरीर यांची ओळख जुनी आहे हे खरंच आहे, त्यावर वाद घालू नका.

आता त्याला विचारा, त्या फळात अल्कोहोल किती असायचं? बहुतेक वेळा एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी, आणि तेसुद्धा साखर, पाणी, चोथा यांच्यासकट, म्हणजे झिंग चढायच्या आधी पोटच भरणार. यीस्टला स्वतःलाही १४-१५ टक्क्यांच्या वर आपलंच अल्कोहोल सोसत नाही, ते मरतं. त्याच्या पुढची जी बाटली आहे, ४० टक्केवाली, ती कुठल्याही जंगलात कुठल्याही फळात कधीच नव्हती, ती माणसाने भट्टी लावून, वाफ गोळा करून बनवली. मेंदू घडला फळावर आणि आता त्याच्या पुढ्यात ती बाटली आहे, “निसर्ग” हा शब्द वापरताना त्याने हे अंतर जरा डोळ्यांसमोर आणावं एवढंच.

आणि माकडं! सेंट किट्स नावाच्या कॅरिबियन बेटावरची माकडं पर्यटकांचे ग्लास पळवतात, तेच व्हिडिओ फिरतात, बहुतेक त्याने तुम्हाला तेच पाठवले असतील. त्या माकडांवर रीतसर अभ्यास झालेत. काही माकडं दारूला तोंडच लावत नाहीत, बरीचशी बेताने पितात, आणि अगदी थोडी शुद्ध हरपेपर्यंत पितात. म्हणजे माकडांतसुद्धा सगळी सारखी नाहीत. आणि ग्लास त्यांना माणसाने आयता आणून दिलाय. दुसरा एक प्राणी मला यापेक्षा जास्त बोलका वाटतो, मलेशियाच्या जंगलातली एक चिचुंद्रीसारखी दिसणारी, झाडावर राहणारी जात आहे, शेपटीच्या टोकाला पिसासारखा झुपका असतो. ती रोज रात्री एका पाम झाडाच्या फुलातला आंबलेला मध पिते, त्यात ३.८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सापडलं होतं, जवळपास बिअरइतकं. २००८ मध्ये हे छापून आलं. आणि ती झिंगलेली दिसत नाही! तिला अन्न हवंय, अल्कोहोल सोबत आलंय, आणि ते झटपट निपटणारं शरीर तिच्याकडे आहे. झिंगून फांदीवरून पडणारा एवढासा प्राणी जंगलात किती दिवस टिकेल तुम्हीच सांगा. हत्तींच्या गोष्टीवर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही, ती बाजूला ठेवू.

सिगारेटची गोष्ट तर त्याहून उलटी आहे आणि ती मला सगळ्यात जास्त पटते, कारण मी स्वतः अकरा वर्षं सिगारेट ओढलीये. तंबाखूच्या झाडाने निकोटिन आपल्यासाठी बनवलेलंच नाही. अळी पान कुरतडते, जखम झाल्याचा निरोप रासायनिक रूपात खाली मुळापर्यंत जातो, मुळं जास्तीचं निकोटिन बनवायला लागतात, आणि ते पाण्याबरोबर वर चढत त्या पानांपर्यंत पोचतं. पुढचा घास घेणाऱ्या किड्याच्या नसांमध्ये ते घुसतं आणि त्याला थरथरवून मारतं. तंबाखूचं पाणी पिकावर कीटकनाशक म्हणून फवारलं जायचं ते याचसाठी. कॅफीन, कोकेन, अफूतलं मॉर्फिन, ही सगळी झाडांची रसायनं, आणि जाणकारांच्या मते यातली बरीचशी मुळात झाडांचा बचावच आहे. झाडाला पळता येत नाही म्हणून ते विष बनवतं.

आपल्या शरीरालाही हे माहीत आहे. कडू चव ओळखायला आपल्या जिभेवर सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे चव टिपणारे कण, आहेत, गोडाला मोजून एक. लहान मुलं कडू थुंकतात, कित्येक बायकांना गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत कॉफीचा, सिगारेटचा, दारूचा वासही नकोसा होतो, तेव्हाच बाळाचे अवयव घडत असतात. आणि पहिली सिगारेट आठवायला सांगा त्याला. माझी मला लख्ख आठवते, ठसका, डोळ्यांत पाणी, मग भोवळ, मग मी जिन्यावर बसून ओकले. शरीर ओरडून सांगत होतं की हे विष आहे, आणि मी मैत्रिणींसमोर ते दाबून दुसरी ओढली. त्यामुळे “शरीर नशेसाठीच बनलंय” हे वाक्य मला खूपच अर्धवट वाटतं, शरीर विषापासून वाचण्यासाठीही तेवढंच बनलंय.

इथेच अभ्यासकांचे दोन गट पडतात. एका गटाचं म्हणणं, नशेचे पदार्थ मेंदूची बक्षीस देणारी यंत्रणा हायजॅक करतात. ही यंत्रणा जेवण, जोडीदार, मुलं, सोबत अशा जगायला लागणाऱ्या गोष्टींकडे आपल्याला ढकलते, आणि नशेचा पदार्थ काहीच न मिळवता “मोठं काहीतरी मिळालं” असा खोटा निरोप देतो. रँडॉल्फ नेस आणि केंट बेरिज यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ मासिकात हे फार छान मांडलं होतं, त्यात एक मुद्दा होता की शुद्ध स्वरूपातली ड्रग्ज आणि ती थेट रक्तात घ्यायच्या पद्धती या उत्क्रांतीच्या हिशोबात अगदीच नव्या आहेत. दुसरा गट म्हणतो, थांबा, आपले पूर्वज लाखो वर्षं विषारी पानं खात आले, ती पचवणारी एन्झाइम्स आपल्या लिव्हरमध्ये आहेत, मग एवढ्या जुन्या विषाने बक्षीस का द्यावं? कदाचित थोडं विष घेणं कामाचं असेल, म्हणजे पोटातल्या जंतांवर औषध म्हणून. एडवर्ड हेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य आफ्रिकेतल्या अका या शिकार करून जगणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, तिथल्या ज्या पुरुषांच्या शरीरात निकोटिन जास्त त्यांच्या पोटात जंत कमी, असं २०१४ मध्ये त्यांना दिसलं. भारी आहे हे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले होते. पण एकत्र दिसलं म्हणजे एकामुळे दुसरं झालंच असं नसतं, आणि जंतांसाठी एक गोळी पुरते.

मला विचाराल तर, नशेकडे माणूस वळतोच का याचं कोडं दुसऱ्या गटाने जास्त प्रामाणिकपणे समोर ठेवलं, पण तुमच्या घरात जे चाललंय त्याचं उत्तर पहिल्या गटाकडे आहे. मॉर्फिन अफूपासून वेगळं काढलं गेलं १८०५ च्या आसपास, इंजेक्शनची सुई १८५० नंतरची, सिगारेट वळणारं मशीन १८८० च्या दशकातलं. माणूस म्हणून आपण आहोत सुमारे ३ लाख वर्षं. ही ३ लाख वर्षं एका दिवसाएवढी धरली तर हे सगळं शेवटच्या एका मिनिटात आलंय, मेंदूला सवय व्हायला, बचाव तयार व्हायला वेळ तरी कुठे मिळाला? पान चावून निकोटिन हळूहळू चढतं, तेच सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत मेंदूत, आणि जेवढं झटपट पोचतं तेवढी सवय घट्ट बसते.

आता ते वाक्य. मजा येत नाही तरी हात जातो.

आपल्याला वाटतं की आवडणं आणि हवंसं वाटणं एकच आहे, आवडतं म्हणून हवं असतं. मेंदूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांमध्ये हे दाखवलं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळपास संपवलं होतं ते समोर अन्न असूनही खायला हलत नव्हते, तसेच ठेवले असते तर उपाशी मेले असते, पण तोंडात साखरेचं पाणी घातलं की आवडल्यासारखं ओठ चाटायचे. म्हणजे आवडणं शाबूत, हवंसं वाटणं गेलं. व्यसनात बरोबर याच्या उलट होतं, हवंसं वाटणं वाढत जातं, आवडणं तिथेच राहतं किंवा आटतं. डोपामिन आनंदाचं रसायन आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं ना, त्याचं मुख्य काम ढकलण्याचं आहे. मी सिगारेट सोडल्यावर आठ महिन्यांनी एकदा रांगेत उभी होते, मनात सिगारेटचा विचारही नव्हता, आणि बघते तर माझा उजवा हात पर्सच्या बाजूच्या कप्प्यात, चेन अर्धी उघडलेली, बोटं पाकीट शोधतायत. त्या कप्प्यात तेव्हा रुमाल ठेवायला लागले होते मी. हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून त्या रात्री तुमचा भाऊ जे बोलला ते कबुली म्हणून ऐकू नका, आणि “बघ, मी म्हणत नव्हते!” असंही म्हणू नका. त्याने तुम्हाला लक्षण सांगितलंय, छातीत दुखतंय असं सांगतात तसं. माणूस खोटं बोलतो, टाळतो, व्हिडिओ पाठवतो, आणि मग एका रात्री खरं बोलतो, त्या क्षणी समोरच्याने काय केलं ते तो विसरत नाही.

रक्ताबद्दल विचारलंत. जुळ्यांवरच्या अभ्यासांत दारूच्या व्यसनात अनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. पण तो खूप माणसांचा मिळून हिशोब आहे, तुमच्या भावाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. जीन्स दोन्हीकडे काम करतात, पूर्व आशियातल्या कित्येक लोकांमध्ये असा एक जीन असतो की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि त्यामुळेच त्यांच्यात व्यसन कमी दिसतं. आणि हे बघा, बाबा तुमचेही होते, त्यांच्याच तुम्ही मुलगी. अमेरिकेत १९९४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या सर्व्हेत दारू कधी ना कधी घेतलेल्यांपैकी साधारण १५ टक्के लोक पुढे व्यसनापर्यंत गेलेले आढळले, तंबाखूत ३२ टक्के. “सगळेच पितात” यातले बहुतेक लोक अडकत नाहीत, म्हणूनच जो अडकतो त्याला तो स्वतः कमकुवत आहे असं वाटायला लागतं, आणि ती लाज झाकायला मग माकडांचे व्हिडिओ लागतात. मला तरी तुमच्या भावाच्या वादात लाजच जास्त दिसतेय.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो, दीड वर्षापूर्वी काय झालं? नोकरी गेली. उत्क्रांतीच्या नजरेने बघितलं तर चिंता, लाज, एकटेपणा या भावना दुखण्यासारख्या आहेत, काहीतरी बिनसलंय हे सांगायला त्या आहेत. दारू ती घंटा बंद करते, आग तशीच राहते. २०१२ मध्ये फळमाश्यांवर एक प्रयोग छापला गेला, ज्या नरांना माद्यांनी नाकारलं होतं ते अल्कोहोल मिसळलेलं खाणं जास्त खायला लागले. माशी म्हणजे माणूस नव्हे, पण नकार आणि बक्षीस यांच्या तारा मेंदूत किती जुन्या काळापासून जोडलेल्या आहेत बघा. आणि माणसांचंही उदाहरण आहे, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक तिथे हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या आहारी गेला होता, ली रॉबिन्स यांनी परत आलेल्यांचा पाठपुरावा केला तर घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा अडकले. ती भीती, तो कंटाळा, तो सहज मिळणारा माल, सगळं मागे राहिलं म्हणून. सगळ्यांचं इतकं सोपं होत नाही हे मला माहितीये, पण परिस्थिती बदलली की पकड ढिली होऊ शकते एवढं यातून नक्की घ्या. नवी नोकरी लागली म्हणजे जुनी जखम भरलीच असं नाही, ते त्याला कुणी विचारलंय का?

आता करायचं काय.

उत्क्रांतीवरचा वाद संध्याकाळी, तो प्यायलेला असताना अजिबात घालू नका, जिंकलात तरी हरलात. सकाळी, शांत असताना, आणि व्हिडिओचा विषय न काढता एवढंच विचारा, “त्या रात्री म्हणालास ना मजा येत नाही, ते कधीपासून?” आणि गप्प राहा, तो बोलेपर्यंत. त्याने परत निसर्गाचं काढलं तर म्हणा, बरोबर आहे तुझं, मेंदू असाच आहे, म्हणूनच एकट्याच्या जिद्दीवर सोडायला नको, मदत घेऊ. त्याचंच लॉजिक आहे हे, फक्त तो जिथे थांबतो त्याच्या एक पाऊल पुढे नेलेलं. माणसाच्या डोळ्यांना जवळचं दिसेनासं होणंही निसर्गच आहे, आपण चष्मा लावतोच की.

घरात बाटली ठेवू नका. त्याची पिण्याची जी ठरलेली वेळ आहे त्या वेळेला त्याला घराबाहेर, माणसांत, काहीतरी हातपाय हलवायचं काम असेल असं बघा, कारण हवंसं वाटणं बहुतेक वेळा जागा, वेळ आणि सोबत बघूनच उसळतं. उसळी काही मिनिटांची असते, ती तेवढी टळली की ओसरते. तुमच्या भांडण्याने घर अशांत होतं असं लिहिलंत, ते भांडण बंद करा, पण विषय बंद करू नका, आणि ऑफिसला त्याच्यासाठी खोटे फोन करणं, उधाऱ्या फेडणं हे करत असाल तर तेही बंद करा. व्यसनी माणसांच्या घरच्यांचे सपोर्ट ग्रुप असतात, तिथे तुम्ही स्वतःसाठी जा, तो येवो न येवो. बाबांच्या वेळचंही तुमच्यात बरंच साठलेलं असणार.

सिगारेट आणि दारू दोन्ही एकाच दिवशी सोडायची शपथ त्याला घालू नका, क्रम डॉक्टरला ठरवू द्या. निकोटिनचे च्युइंग गम, पॅच मिळतात, त्यांनी सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात, तेव्हा तो चिडेल, ते मनाला लावून घेऊ नका.

दारूचं मात्र वेगळं आहे आणि हे नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊ शकतात, असं काही दिसलं तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल. त्यामुळे “आजपासून बंद” असं भांडणात कबूल करून घेऊ नका, आधी डॉक्टर, मग बंद. व्यसनमुक्तीचं काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ यासाठी औषधं देतात, तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. जाताना एका कागदावर लिहून न्या, तो रोज किती पितो, शेवटचं कधी घेतलं, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आधी कधी फिट आली होती का, झोप किती लागते, आणि बाबांचं काय झालं होतं ते. कागद त्यालाच लिहू दिलात तर जास्त चांगलं.